केक थंड, क्रीम मऊ: घरच्या घरी केक सजवताना

सजवलेल्या केकचा फोटो कुणी दाखवला की पहिला प्रश्न ठरलेला असतो, "नोझल कुठलं वापरलंस?" मीही हेच विचारायचे. पहिलावहिला केक सजवण्याआधी अठ्ठेचाळीस नोझलांचा, म्हणजे क्रीम पिळून नक्षी काढायच्या छोट्या निमुळत्या नळ्यांचा, डबा घेऊन बसले होते. आज त्यातली पाच-सहाच बाहेर येतात, बाकीची मुलं बाहुलीच्या टोप्या म्हणून वापरतात. खरं विचारायचं असतं ते वेगळंच. क्रीम किती मऊ होतं? केक किती थंड होता? मधे किती वेळ थांबलीस? सजावट बिघडते ती नव्वद टक्के वेळा हात वाईट म्हणून नाही, तर काहीतरी चुकीच्या वेळी गरम किंवा गार होतं म्हणून.

त्यामुळे हा सगळा लेख तापमान आणि थांबणं याभोवती फिरतो. उदाहरणाला २० सेंमी (८ इंची) व्यासाचा, तीन थरांचा, साधारण १० सेंमी उंच बटरक्रीमचा केक घेतला आहे.

काम दोन दिवसांत वाटा

एका दिवसात भाजणं, भरणं आणि सजवणं उरकायला गेलं की केक कोमट असतानाच आपण क्रीमला हात घालतो. स्पंज आदल्या दिवशी भाजा. पूर्ण गार झाला की प्रत्येक थर क्लिंग फिल्ममध्ये घट्ट गुंडाळून रात्रभर फ्रिजमध्ये ठेवा. गार स्पंजचा भुगा कमी पडतो आणि दातेरी सुरीने वरचा घुमट सपाट कापणं सोपं जातं. सुरी दाबायची नाही, करवतीसारखी मागेपुढे न्यायची. दुसऱ्या हाताने टर्नटेबल (केक ठेवायचं फिरतं स्टँड) फिरवत आधी कडेने सगळीकडे खूण करून घ्यायची आणि मग आत जायचं. सरळ आरपार कापायला गेलात तर एक बाजू उंच राहते, आणि तीन थरांत मिळून तो उतार दिसतोच.

लाल, काळा, गडद निळा असे रंग हवे असतील तर रंगीत क्रीमही आदल्या दिवशीच करून ठेवा. कारण पुढे येईल.

क्रीम

साध्या बटरक्रीमला ५०० ग्रॅम बिनमिठाचं लोणी, ७५० ग्रॅम चाळलेली आयसिंग शुगर, चिमूटभर मीठ, व्हॅनिला आणि दोन-तीन मोठे चमचे दूध. बऱ्याच कृतींत साखर लोण्याच्या दुप्पट असते. त्याने क्रीम अधिक घट्ट उभं राहतं, पण गोडी जिभेला टोचते, म्हणून मी दीडपटीवर थांबते. एवढ्यात सव्वा किलोच्या आसपास क्रीम होतं. मधल्या दोन थरांना मिळून ३०० ग्रॅम, क्रम्ब कोटला (भुगा धरून ठेवणाऱ्या पहिल्या पातळ थराला) २००, शेवटच्या थराला ४००, आणि उरलेलं फुलांना.

केक १५ सेंमीचा करायचा असेल तर इथे एक गंमत आहे. केकचं मिश्रण जवळपास निम्म्यावर येतं, क्रीम मात्र दोन-तृतीयांश लागतंच, कारण उंची तीच राहिली तर बाजूंचा भाग फारसा कमी होत नाही. "छोटा केक केला तरी क्रीम पुरलं नाही" या तक्रारीचं उत्तर हेच.

लोणी १८ ते २० अंश सेल्सिअसला हवं. थर्मामीटर नसेल तर बोट दाबून पाहा. खळगा पडायला हवा, पण लोणी चकचकीत दिसता कामा नये. चकाकी आली म्हणजे ते वितळायच्या वाटेवर आहे. आधी नुसतं लोणीच पाच-सात मिनिटं फेटा, रंग फिकट पांढुरका होईपर्यंत. मग साखर तीन वेळा विभागून घाला. सगळं झाल्यावर बीटर सर्वांत कमी वेगावर आणा आणि आणखी तीन-चार मिनिटं फिरवा, किंवा लाकडी चमच्याने क्रीम भांड्याच्या कडेवर घासून दाबा. ही पायरी बहुतेकजण गाळतात आणि मग केकच्या बाजूंवर बारीक छिद्रं का दिसतात म्हणून डोकं धरून बसतात. ती छिद्रं म्हणजे जोरात फेटताना शिरलेली हवा.

क्रीम फाटल्यासारखं, रवाळ दिसलं तर बहुधा ते गार आहे. दोन मोठे चमचे काढून जरा कोमट करा आणि परत घालून फेटा. सैल होऊन ओघळायला लागलं तर भांड्यासकट पंधरा मिनिटं फ्रिजमध्ये ठेवून पुन्हा फेटा. दोन्ही वेळा घाबरून साखर वाढवू नका. दोष साखरेचा नसतो.

व्हिप्ड क्रीमचं गणित याच्या उलटं आहे. ते फ्रिजमधून थेट, गार भांड्यात, गार बीटरने फेटायचं, आणि निदान ३० टक्के फॅट असलेलंच घ्यायचं. वनस्पती तेलावर बनलेलं गोठवलेलं टॉपिंग आदल्या रात्री फ्रिजच्या खालच्या कप्प्यात उतरवा. बर्फाचे कण राहिले तर ते नीट फुलत नाही. बीटर उचलल्यावर टोक किंचित वाकतं, तिथे थांबा. टोक ताठ उभं राहीपर्यंत फेटलं की पॅलेट नाइफ (क्रीम पसरवायची लांब, बोथट सुरी) फिरवता फिरवता ते आणखी घट्ट होतं आणि स्पंजासारखं भोकाभोकांचं दिसायला लागतं. तसं झालंच तर थोडं न फेटलेलं क्रीम हलक्या हाताने मिसळून सावरता येतं.

थर रचणं आणि क्रम्ब कोट

केक बोर्डवर क्रीमचा एक ठिपका लावा, म्हणजे तळाचा थर घसरणार नाही. प्रत्येक थरावर साखरपाक ब्रशने लावा. समान वजनाची साखर आणि पाणी उकळून गार केलेला पाक, थराला दोन-तीन मोठे चमचे पुरे. मधे जॅम किंवा फळं घालणार असाल तर आधी कडेने घट्ट क्रीमचं कडं ओढा आणि सारण त्याच्या आत घाला. हे कडं नसलं की सारण वजनाने बाहेर सरकतं आणि सजवलेल्या केकच्या कमरेला दोन तासांत वळ्या पडतात.

सर्वांत वरचा थर उलटा ठेवा. टिनच्या तळाशी असलेली बाजू सपाट असते आणि तिचा भुगाही पडत नाही. खाली वाकून डोळ्यांच्या रेषेत केक पाहा आणि तो कललेला असेल तर आत्ताच हलक्या हाताने सारखा करा. मग क्लिंग फिल्म लावून, वर एखादी हलकी ताटली ठेवून, तो तासभर फ्रिजमध्ये बसू द्या. केक आपल्याच वजनाने दबून, हवा बाहेर टाकून स्थिर होतो. ही घाई मी एकदा केली. सकाळी गुळगुळीत केलेल्या केकवर संध्याकाळी अंड्याएवढा फुगा आला होता. आत अडकलेल्या हवेने क्रीम बाहेर ढकललं होतं. त्या फुग्यावर मी एक मोठं फूल बसवलं आणि सगळ्यांनी नेमकं त्याचंच कौतुक केलं.

क्रम्ब कोट म्हणजे भुगा पकडून ठेवणारा पातळ थर. तो सुंदर दिसायची गरज नाही, स्पंज आतून दिसला तरी चालतो. एकच पथ्य पाळा. या थराचं क्रीम वेगळ्या वाटीत घ्या आणि भुगा लागलेला पॅलेट नाइफ मूळ भांड्यात बुडवू नका. नंतर केक तीस मिनिटं फ्रिजमध्ये. बोट टेकवल्यावर क्रीम चिकटलं नाही की तो तयार.

गुळगुळीत बाजू

इथे सगळे अडतात, म्हणून जरा थांबून सांगते.

केक फ्रिजमधून काढलेला गार, क्रीम मात्र खोलीच्या तापमानाचं, पसरवायच्या चीज स्प्रेडइतकं मऊ. गार केकवर गार क्रीम लावलं की ते खेचलं जातं आणि क्रम्ब कोटही उचलून आणतं. आधी वरच्या बाजूला क्रीम लावा, कडेच्या थोडं बाहेर जाऊ द्या. मग बाजूंना, वाटतं त्यापेक्षा जास्तच. खरवडून काढता येतं, पण मधेच कमी पडलं तर ठिगळ दिसतं.

आता स्क्रॅपर, म्हणजे क्रीम खरवडून सपाट करायची सरळ धारेची पट्टी. त्याचा तळ टर्नटेबलवर किंवा बोर्डवर टेकलेला हवा, म्हणजे तो आपोआप उभा राहतो. पातं केकला काटकोनात नाही, तर तिरपं, आपल्याकडे झुकलेलं धरायचं. स्क्रॅपरचा हात हलवायचाच नाही. दुसरा हात टर्नटेबल फिरवतो, सलग आणि सावकाश, जमलं तर एका दमात पूर्ण फेरा. फेरा संपला की स्क्रॅपर पुसा. खड्डे दिसतील, त्यांत क्रीम भरा आणि पुन्हा फिरवा. तिसऱ्या-चौथ्या फेऱ्यात बाजू भरून येतात.

वरच्या काठावर क्रीमची एक कड उभी राहते. ती लगेच आत ओढू नका. केक दहा मिनिटं फ्रिजमध्ये ठेवा, मग स्वच्छ पॅलेट नाइफ काठावर आडवा धरून बाहेरून आत, छोट्या छोट्या फटकाऱ्यांनी कापत या. दर वेळी पातं पुसायचं. धारदार कडेचं गुपित एवढंच आहे. शेवटी धातूचा स्क्रॅपर गरम पाण्यात बुडवा, पूर्ण कोरडा करा आणि एकच फेरा फिरवा. पाण्याचा थेंब राहिला तर चट्टा पडतो.

आणि हे करूनही आरसा झाला नाही तर सोडून द्या. चमच्याच्या पाठीने खालून वर पट्टे ओढले की मुद्दाम केल्यासारखं सुंदर पोत येतं. मी तर पाहुणे दारात असताना दर वेळी हाच पोत निवडते.

रंग

द्रवरूप रंगाने क्रीम सैल होतं, म्हणून जेल रंग घ्या. टूथपिकच्या टोकावर येईल एवढ्यापासून सुरुवात करा आणि दर वेळी नवी टूथपिक वापरा. बटरक्रीममधला रंग ठेवल्यावर गडद होतो. गुलाबी हवा असेल तर हव्या त्या छटेच्या एक पायरी आधीच थांबा. लाल हवा असेल तर गडद गुलाबीवर पोचा, झाकून रात्रभर ठेवा आणि सकाळी ठरवा. तिथल्या तिथे लाल करायच्या हट्टाने इतका रंग ओतला जातो की क्रीम कडू होतं. काळ्यासाठी आधी कोको घालून क्रीम गडद तपकिरी करा, मग काळा जेल बेताचाच लागतो.

लोण्यामुळे क्रीमला पिवळट झाक असते. तिच्यात निळा घातला की हिरवटपणा येतो, तेव्हा चकित होऊ नका. पांढरं क्रीम हवं असेल तर त्यात जांभळ्या जेलचा अगदी नखाएवढाही नाही, टूथपिकच्या अग्रावरचा कण घाला. जांभळा पिवळ्याला मारतो.

जांभळ्याचीच आणखी एक खोड आहे. तो उजेडात उडतो. त्यातला तांबडा भाग आधी फिका पडतो आणि निळा उरतो. खिडकीजवळ ठेवलेली माझी लव्हेंडर फुलं सकाळपर्यंत आकाशी झाली होती. केक झाकून, अंधारात ठेवायचा.

वितळलेल्या चॉकलेटमध्ये मात्र नेहमीचा जेल रंग चालत नाही. त्यातल्या पाण्याने चॉकलेटचा घट्ट गोळा होतो. त्याला तेलात विरघळणारे रंगच लागतात.

चमकीबद्दल सावध राहा. डबीवर "नॉन-टॉक्सिक" लिहिलंय म्हणजे ती खाण्याजोगी आहे असं नाही. तिथे "खाद्य" असं स्पष्ट लिहिलेलं आणि घटकांची यादी छापलेली असायला हवी. २०१८ साली अमेरिकेतल्या ऱ्होड आयलंडमध्ये वाढदिवसाच्या केकवरच्या रोज गोल्ड चमकीने सहा मुलं आजारी पडली. ती पावडर म्हणजे बारीक तांबं निघालं. मनात शंका असेल तर चमकी फक्त केक कापण्याआधी काढून ठेवायच्या टॉपरवरच (केकवर खोवायच्या शोभेच्या तुकड्यावर) लावा.

पायपिंग

पाच नोझलं घेऊन सुरुवात करा. विल्टन या नोझल बनवणाऱ्या कंपनीच्या क्रमांकांत सांगायचं तर गुलाबासारख्या भोवऱ्यांसाठी १एम, एका दाबात उमटणाऱ्या फुलांसाठी २डी, पाकळ्यांसाठी १०४, पानांसाठी ३५२ आणि अक्षरांसाठी गोल ३. दुसऱ्या कंपनीचे क्रमांक वेगळे असू शकतात, तेव्हा नोझलच्या तोंडाचा आकार पाहून घ्या.

पायपिंग बॅग, म्हणजे टोकाला नोझल लावलेली क्रीमची पिशवी, अर्धीच भरा. भरलेली बॅग जड होते, हात थकतो, आणि तळहाताच्या उबेने क्रीम पातळ होतं. दोन बॅगा करून आलटूनपालटून फ्रिजमध्ये ठेवल्या तर फुलांच्या कडा टोकदार राहतात. दाब वरच्या हाताचा, खालचा हात फक्त दिशा देतो. आणि नवशिक्यांची सर्वांत मोठी चूक अशी की उचलताना दाब चालूच राहतो. आधी दाब सोडा, मग बॅग उचला. फुलांना येणारी शेपटी त्या एका सवयीने जाते.

१एमचा भोवरा काढताना नोझल केकच्या वर साधारण एक सेंमी, सरळ उभं. मधे एक ठिपका, त्याच्याभोवती दीड वळसा, दाब सोडून त्याच दिशेने निसटतं घ्या. १०४ला एक टोक रुंद, एक अरुंद असतं. रुंद टोक नेहमी खाली, अरुंद वर. हे उलटं झालं की पाकळ्या जाड ओठांसारख्या दिसतात. गुलाब थेट केकवर करायला जाऊ नका. बटर पेपरच्या चौकोनी तुकड्यावर करा, दहा-पंधरा मिनिटं फ्रीजरमध्ये कडक करा आणि उचलून हवे तिथे बसवा. नऊ केलेत तर त्यांतले पाच बरे निघतात, निवडायला मोकळीक मिळते.

मांडणी करताना मोठी फुलं आधी, विषम संख्येत, चंद्रकोरीसारखी एका बाजूला. मग मधल्या फटींत लहान फुलं आणि सगळ्यांत शेवटी पानं. पानांखाली बरंच झाकलं जातं. निम्मा केक रिकामा राहिला तर राहू द्या.

सध्या झालरी-झालरींचे जुन्या वळणाचे केक पुन्हा दिसतात. १९३०च्या दशकात जोसेफ लॅम्बेथ यांच्या नावाने प्रसिद्ध झालेल्या शैलीचे ते वंशज. एका रेघेवर दुसरी रेघ चढवत उठाव आणायचा ही तिची रीत. त्यासाठी बाजूंवर टूथपिकने सारख्या अंतरावर खुणा करून घ्या. पट्टी वापरायची लाज नको. आणि खालची झालर फ्रिजमध्ये घट्ट होईपर्यंत वरची काढू नका.

नाव लिहायचं असेल तर केक गार हवा, म्हणजे चुकलेलं अक्षर टूथपिकने अलगद उचलता येतं. रोमन अक्षरांचे धडे देवनागरीला फारसे लागू पडत नाहीत. आपल्याकडे आधी शिरोरेषा काढावी आणि अक्षरं तिला टांगावीत, ओळ आपोआप सरळ येते. वर मात्रा-वेलांटीला आणि खाली उकाराला जागा सोडा. अक्षर दोन सेंमीपेक्षा लहान केलं तर "ज्ञ" आणि "श्री"ची पोटं बुजतात. आधी नाव मधल्या अक्षरापासून दोन्हीकडे मोजून कागदावर मांडून पाहा. डावीकडून जोशात सुरुवात करून शेवटचं अक्षर काठावरून खाली लोंबलेला केक माझ्याही नावावर आहे.

ड्रिप, फुलं आणि फाँडंट

ड्रिप म्हणजे केकच्या काठावरून खाली सोडलेले चॉकलेटचे ओघळ. डार्क चॉकलेटच्या ड्रिपला चॉकलेट आणि क्रीम सारख्या वजनाचं. पांढऱ्या चॉकलेटला क्रीमच्या तिप्पट चॉकलेट. हे चॉकलेट-क्रीमचं मिश्रण, म्हणजे गनाश, ३० ते ३२ अंशांवर येऊ द्या, म्हणजे ओठाला लावल्यावर गरमही नाही, गारही नाही. केक थेट फ्रिजमधून. मागच्या बाजूला एक थेंब सोडून पाहा. बोर्डपर्यंत धावला तर गनाश गरम आहे, काठाखाली लगेच अडकला तर फार गार. आधी कडेचे ओघळ, मग वरचं मधलं भरायचं.

खरी फुलं लावायची तर ती विषारी नाहीत आणि त्यांवर कीटकनाशक मारलेलं नाही याची खात्री हवी. कण्हेर, धोत्रा, हायड्रेंजिया, लिली ऑफ द व्हॅली यांना केकजवळ आणू नका. गुलाब, पॅन्सी चालतात. खाण्यासाठी वाढवलेली फुलं नसतील तर देठ झाकून लावा आणि कापण्याआधी काढून घ्या.

फाँडंट, म्हणजे लाटून केकवर पांघरायचा साखरेचा मऊ गोळा, माझ्या आवडीचं नाही, कारण बहुतेक लोक ते सोलून ताटलीच्या कडेला ठेवतात. लावायचंच तर तीन मिलिमीटर जाड लाटा आणि खाली बटरक्रीम किंवा गनाश ठेवा. व्हिप्ड क्रीमच्या ओलाव्याने ते विरघळतं. छोट्या आकृत्यांसाठी त्यात चिमूटभर सीएमसी पावडर (डिंकासारखा खाद्य घटक) मळली की त्या वाळून ताठ राहतात.

नेणं, ठेवणं, दाखवणं

फ्रिजमधला केक उघडा काढला की हवेतली वाफ त्यावर थेंब होऊन बसते आणि रंग ओघळतात. खोक्यासकट बाहेर काढा आणि खोका तासभर उघडू नका. थेंब खोक्यावर बसतात, केक कोरडा राहतो. गाडीत केक सीटवर नको, सीट मागे उतरती असते. पायाजवळच्या सपाट जागेत, खाली न घसरणारी जाळी अंथरून ठेवा. बटरक्रीमचा केक कापण्याआधी तासभर बाहेर हवा, नाहीतर क्रीम मेणासारखं लागतं. व्हिप्ड क्रीमचा मात्र अगदी शेवटच्या क्षणी काढा.

फोटो दिवसा, खिडकीच्या आडव्या उजेडात, फ्लॅशशिवाय. फोन केकच्या उंचीवर आणा, वरून काढलेल्या फोटोत बाजूंची मेहनत दिसत नाही. त्याआधी बोर्डाची कड ओल्या कापडाने पुसा.

आणि तो फोटो दुसऱ्या बेकर्सना दाखवताना सोबत चार ओळी लिहा, ज्या मला सुरुवातीला कुणीच लिहून दाखवल्या नाहीत. केकचा व्यास आणि उंची, क्रीमचं प्रमाण, नोझलचा क्रमांक आणि कंपनी, खोलीचं तापमान, कोणता रंग किती तास आधी केला. कल्पना दुसऱ्या कुणाची असेल तर त्या व्यक्तीचं नाव. जे फसलं तेही. माझ्या गेल्या केकखाली लिहिलं होतं: "२० सेंमी, १एम आणि ३५२, खोली ३१ अंश, म्हणून बॅग दर दहा मिनिटांनी फ्रिजमध्ये. मागची बाजू दाखवत नाही, तिथे माझा अंगठा उमटलाय."